बेपत्ता झालेलं विमान अनेक वर्षांनी सापडतं का?

सापडतं, पण कोडं सुटतंच असं नाही. आपल्या हवाई दलाचंच उदाहरण घ्या. 22 जुलै 2016 ला सकाळी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेलं एएन-32 बंगालच्या उपसागरावर रडारवरून गायब झालं. विमानात 29 जण होते. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळं लावून शोध घेतला; हाती काही लागलं नाही. शेवटी जानेवारी 2024 मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल तळाशी अवशेष दिसले. तेही राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यानाला. म्हणजे कुठे पडलं ते साडेसात वर्षांनी कळलं. का पडलं, हे अवशेषांच्या फोटोंवरून कसं सांगणार? ब्लॅक बॉक्सचा पाण्याखालचा बीकन, म्हणजे जागा कळावी म्हणून आवाज देणारं उपकरण, जुना असेल तर साधारण महिनाभर आणि नवा असेल तर तीनेक महिने आवाज देतो, मग गप्प. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

डोंगरातला हिशेब वेगळा. फेब्रुवारी 1968 मध्ये रोहतांग खिंडीच्या परिसरात हरवलेल्या एएन-12 चे अवशेष 2003 मध्ये गिर्यारोहकांना दिसले, आणि 2024 मध्येही बर्फातून आणखी चार मृतदेह मिळाले. 56 वर्षांनी!