पगाराचा आकडा आणि सहा महिन्यांची रजा

या वेळी पगाराबद्दलची पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. तीन पत्रं निवडलीत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तशा मजकुराची पत्रं सगळ्यात जास्त होती.

प्रश्न: ताई, मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे, नऊ वर्षं झाली. माझ्याच बॅचचा एक जण, शेजारचं डेस्क, काम तेच. होम लोनसाठी काढलेली त्याची पेस्लिप प्रिंटरवर राहिली होती, त्यावरून कळलं की त्याला महिन्याला माझ्यापेक्षा 22 हजार जास्त आहेत. मला मुलगी झाली तेव्हा सहा महिने रजेवर होते, त्या वर्षी हाइक मिळाली नाही. एचआर म्हणतं, तो निगोशिएट करतो, तुम्ही करत नाही. मीच कमी पडले का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर: नाही, अजिबात नाही. मी स्वतः बारा वर्षं एचआरमध्ये काढलीत आणि अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हे कसं होतं ते समोर बसून पाहिलंय. स्क्रीनवर एक्सेल उघडलेली असते, टीममधल्या ठरावीक लोकांनाच वरचं रेटिंग देता येतं, एक नाव जास्त होतंय म्हणून कुणाला खाली आणायचं यावर चर्चा चालू असते, आणि कुणीतरी अगदी सहज म्हणतं, "ती तशीही सहा महिने नव्हतीच की, तिला तीन देऊ." एका सेलमध्ये चारचे तीन होतात आणि पुढचं नाव येतं. अशा एका मीटिंगला मी होते आणि गप्प बसले होते, त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

आता हिशोब बघा. हाइक टक्क्यांत असते, त्यामुळे एका वर्षीची बुडली की ती फक्त त्या वर्षापुरती बुडत नाही, पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावरच बसते. समजा दोघांची सुरुवात सारखी, वाढीही सारख्या, फक्त तुमची 10 टक्क्यांची एक वाढ राहिली. त्याचा पगार वर्षाला 15 लाख होईल तेव्हा तुमचा साधारण 13 लाख 64 हजार असेल, म्हणजे वर्षाला 1 लाख 36 हजारांचा फरक, आणि तो दरवर्षी वाढतच जाणार. वर तो मध्येच बाहेरची ऑफर घेऊन आला असेल तर कंपनीने त्याला थांबवायला अजून वाढवून दिलं असणार. तुम्ही गरोदरपणात किंवा तान्ही मुलगी घरी ठेवून कुठे इंटरव्ह्यू देत फिरणार होतात? आणि कंपनी बदललीत तरी नवीन एचआर शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतं आणि त्यावरच टक्के लावतं, म्हणजे ही तूट तिथेही सोबत येते.

कायद्याचं सांगते. समान वेतनाचा कायदा 1976 चा, तो आता वेतन संहितेत आलाय, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. सारख्या किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळा पगार देता येत नाही, आणि हे फक्त कारखान्यातल्या कामगारांपुरतं नाही, तुमच्यासारख्या आयटीवाल्यांनाही आहे. बाळंतपणाच्या रजेमुळे नोकरीच्या अटी बाईच्या नुकसानीच्या दिशेने बदलायच्या नाहीत हेही कायद्यात आहे.

म्हणून आधी कागद गोळा करा, ऑफर लेटर, सगळी अप्रेझल लेटर्स, रेटिंग, रजेच्या तारखा. मग एचआरला मेल करा, तोंडी बोलू नका. दोनच गोष्टी विचारा: माझ्या ग्रेडची पगाराची रेंज काय आणि मी त्यात कुठे आहे, आणि रजेच्या वर्षीचं रेटिंग कशावरून ठरलं. त्या मुलाचं नाव घेऊ नका, त्याची पेस्लिप तर मुळीच जोडू नका, त्याची यात काही चूक नाही. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो, पण दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू पुढच्या अप्रेझलला" करत बसू नका.

प्रश्न: मी भोसरीत मशिन शॉपला सुपरवायझर आहे. आमच्याकडे सेम ग्रेडला सेम बेसिक, बाई असो की बाप्या. फरक पडतो तो नाइट आणि ओव्हरटाइममुळे, आणि ते बायका स्वतःच नको म्हणतात. मग याला अन्याय का म्हणायचं?
— एक वाचक, मोशी

उत्तर: दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. बराचसा फरक एकाच खुर्चीवरचा नसतोच, तो कुणाला कुठली खुर्ची आणि किती तास मिळाले यातून येतो. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही हेच दाखवलंय, की आज श्रीमंत देशांत एकाच प्रकारच्या कामातला फरक मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर वाढतो.

पण "स्वतःच नको म्हणतात" हे मला पटत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानेच बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती, सरकारने सूट दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच. म्हणजे कित्येक वर्षं नाइट अलाउन्स त्यांच्यासाठी कायद्यानेच बंद होता. आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, तो कुणाला नकोय? सरकारच्याच 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 88. तुम्ही थांबून चार तास जास्त करता तेव्हा घरी पोळ्या कोण लाटतं, आणि तुमच्या लाइनवरची बाई थांबली तर तिच्या घरी कोण लाटेल? तिला एकदा नीट विचारा, ओव्हरटाइम नकोय की रात्री साडेदहाला भोसरीहून घरी जायला गाडी नाही. कंपनीची बस सोडून बघा, किती जणी नाव देतात ते मला कळवा.

प्रश्न: कोथरूडला माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. भाजी चिरायला, भांडी आवरायला एक मुलगा आणि एक मावशी आहेत. मुलाला 13 हजार, मावशींना 10. मुलगा सिलिंडर पण बदलतो. हे चुकीचं आहे का? फार परवडतही नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुम्ही स्वतःहून विचारलंत याचं मला खरंच बरं वाटलं. पण हो, चुकीचं आहे. सिलिंडर दिवसातून किती वेळा बदलता? फार तर एकदा, पाच मिनिटांचं काम, त्याचे महिन्याला 3 हजार होत नाहीत. बाकी दिवसभर दोघं एकाच ओट्यावर तेच काम करतात. परवडत नाही हे कारण कोर्टातही टिकत नाही, मुंबईच्या एका शिपिंग कंपनीने बायका स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार दिला होता, तेव्हा 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. आणि मुलाचा पगार कमी करून बरोबरी करू नका, कायदा तेही करू देत नाही. मावशींचाच वाढवा. एकदम जमत नसेल तर या महिन्यात दीड हजार, पुढच्या महिन्यात दीड हजार, आणि त्यांना आजच सांगून टाका.