गाडीनं दोन तास, पायी एक रात्र

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही पुण्याला राहतो. मुलगा चौथीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज आणि घरात ‘पावनखिंड’ सिनेमा, असं त्याचं वर्ष चाललंय. सिनेमा किती वेळा पाहिला याची मोजदाद मी सोडून दिली. आता त्याला ‘ते सगळं खरं खरं’ बघायचंय, तेही १२-१३ जुलैलाच. बरोबर मी, नवरा, सहा वर्षांची धाकटी आणि सासरे. त्यांचं वय ७४, गुडघे दुखतात, पण जायची हौस नातवापेक्षा काकणभर जास्तच. गाडी आमची, दिवस दोन. पन्हाळा, खिंड, विशाळगड तिन्ही होईल का? काय बघावं, काय सोडावं? सोबत मुलाची चिठ्ठी आहे, तिलाही उत्तर द्याल?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. मी कोल्हापूरची. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला आणि या वाटेवर कितीतरी वेळा गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगते. जुलैमध्ये नेऊ नका. तारखेचं मोल मला कळतं. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा, धो धो पाऊस, आणि त्या रात्री महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. त्याच दिवसांत दरवर्षी हजारो पोरं पन्हाळ्याहून पायी निघतात आणि त्यांनी निघावंच. पण सहा वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे बरोबर असताना शेवाळलेल्या पायऱ्या, फूटभर चिखल आणि धुक्यातला घाटरस्ता नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि खिंडीत पाणीही असतं.

पहिला दिवस सगळा पन्हाळ्याला द्या. लोक तिथं दोन तासांत फोटो काढून जोतिबाला निघतात, त्याचं मला वाईट वाटतं. गडावर गाडी फिरते, त्यामुळे आजोबांची अडचण नाही. सुरुवात अंबारखान्यापासून करा. दगडी कोठारांच्या त्या प्रचंड इमारती बघितल्या की मुलाला विचारा, शत्रूनं खालचे सगळे रस्ते बंद केले तर वरच्या माणसांनी खायचं काय? आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहर, त्याचा वेढा मार्चमध्ये पडला आणि महाराज निसटले ते जुलैत. चार महिने! सिनेमात वेढा थोडक्यात सरतो आणि लढाई मोठी दिसते. गडावर मात्र वेढा किती लांबला ते कळतं. पाऊस आला की वेढा उठेल असं सगळ्यांना वाटलं होतं. जौहरनं पावसातही तो ढिला होऊ दिला नाही, आणि राजापूरच्या इंग्रजांनी त्याला लांब पल्ल्याच्या तोफाही आणून दिल्या.

नंतर अंधारबाव, सज्जाकोठी, आणि जेवायला तीन दरवाजाच्या बाजूला झुणका-भाकर. दुपारी पुसाटी बुरूज आणि राजदिंडीकडे. ‘महाराज या आडवाटेनं उतरले’ असं मुलाला तिथं उभं करून सांगा.

शिवा काशीदांना मात्र विसरू नका. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस, जातीनं न्हावी. महाराजांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसला, तेव्हा पुढं काय होणार हे त्याला ठाऊक होतं. नेबापूरला त्यांची समाधी आहे. तिथं पाच मिनिटं तरी थांबा. माझ्या वर्गात मी हा धडा खिंडीत शत्रूला अडवून धरणाऱ्या बाजीप्रभूंपासून नाही, शिवा काशीदांपासून सुरू करायची. तुमच्या धाकटीलाही ही गोष्ट पटकन कळेल, कारण वेष बदलणं मुलांना समजतं.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहितेय ते. पन्हाळ्याहून खाली वाघबीळला येऊन बांबवडे, मलकापूर करत पांढरपाण्याला गेलात की खिंड येते. गाडीला दोन तास धरा. मुलगा मागच्या सीटवर चिवडा खात पोहोचेल, आणि त्याच्या मनात पन्हाळा आणि खिंड शेजारी शेजारी बसतील. पायवाटेनं हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रभर, पावसात, पालखी खांद्यावर घेऊन. ते अंतर पायाला थोडं तरी कळल्याशिवाय खिंडीत उभं राहून काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिल्या दिवशी संध्याकाळी मसाई पठारावर जा. पन्हाळ्याहून म्हाळुंग्याच्या बाजूनं पठाराच्या जवळपर्यंत रस्ता जातो. जुनी वाट याच पठारावरून जाते. सूर्य मावळायच्या तासभर आधी चालायला लागा. फोन खिशात, बोलणं बंद. अर्धा तास पुढं, अर्धा तास मागं, कड्याच्या बाजूला न जाता. पठार सपाट आहे, आजोबा जमेल तेवढं चालून देवीच्या देवळापाशी बसतील. अंधार पडायला लागला की गाडीपाशी परत या. त्या एका तासात मुलगा जे विचारील ते लिहून ठेवा.

१९९४ साली मी नववीच्या अठ्ठावीस मुलींना घेऊन जुलैत ही वाट चालले. पठारावर धुकं इतकं की मुली एकमेकींच्या ओढणीचं टोक धरून चालत होत्या. पुढं एका ओढ्याच्या काठी एकीची चप्पल चिखलात रुतली ती निघालीच नाही. पुढच्या वाडीपर्यंत ती अनवाणी आली. तिथं एका आजींनी चुलीवरचं गरम पाणी मीठ घालून तिच्या पायांवर ओतलं. रात्री शाळेच्या ओसरीवर झोपलो, तेव्हा अंधारात ती पोरगी म्हणाली, “बाई, पालखीचे भोई कोण होते? त्यांची नावं कुठं आहेत?” मी गप्प बसले. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. चिखलात पाय गेल्यावरच तो सुचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर खिंड गाठा. वर स्मारक आहे, आजोबा तिथपर्यंत येतील. खाली उतरायला लोखंडी शिडी आहे. बाबांनी मुलाला पुढं घालून सावकाश उतरावं, धाकटीला वरच ठेवा. सुट्टीच्या दिवशी खिंडीत गाणी लावणारी, वेफर्सची पाकिटं तिथंच टाकणारी मंडळी भेटतात. मला ते सहन होत नाही. जाताना एक रिकामी पिशवी न्या, तुमचा आणि शक्य झालं तर आणखी कुणाचा कचरा वर आणा.

विशाळगड या खेपेला सोडा. चढ बराच आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथल्या प्रवेशावर वेळोवेळी निर्बंध आले आहेत. बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाध्या गडावर आहेत, त्यासाठी मुलगा आठवी-नववीत गेल्यावर जा, आणि तेव्हा पन्हाळ्याहून चालत जा.

मुक्कामाचं म्हणाल तर पन्हाळ्यावरच करा. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे गर्दी वाढली आहे.

चिठ्ठी : *ताई, बाजीप्रभू पडले ती नक्की जागा कोणती? सिनेमात आहे तशीच आहे का? आणि मी तिथे ‘हर हर महादेव’ ओरडलं तर चालेल का?*

उत्तर : बाळा, तुझे तिन्ही प्रश्न चांगले आहेत.

नक्की कुठल्या दगडापाशी, ते कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. कुणी बोट दाखवून ‘हीच ती जागा’ म्हणालं तर ऐकून घे, पण वहीत लिहू नकोस. घोडखिंड म्हणायचे ती ही, एवढं लिही. सिनेमातल्यापेक्षा तुला ती वेगळी वाटेल. उजेड असेल, झाडी असेल, पाण्याचा आवाज असेल. आधी दोन्ही बाजूंचे कडे बघ. मग आईला एका टोकाला आणि बाबांना दुसऱ्या टोकाला उभं राहायला सांग, म्हणजे थोड्या माणसांनी मोठी फौज कशी अडवून धरली ते तुला आपोआप समजेल.

आणखी एक. महाराज विशाळगडाला पोहोचले तेव्हा तिथंही आदिलशहाच्या बाजूच्या सुर्वे आणि दळवी सरदारांचा वेढा होता. तो फोडून ते वर गेले. तोपर्यंत बाजीप्रभू लढत होते. आणि ज्या पन्हाळ्यातून एवढ्या कष्टानं सुटका झाली, तो पुढं काही महिन्यांतच आदिलशहाला द्यावा लागला. परत घ्यायला १६७३ साल उजाडलं. कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्रीचे चढले. ती गोष्ट पन्हाळ्यावर आजोबांकडून ऐक.

ओरडलास तर चालेल. एकदाच ओरड, मोठ्यानं. मग अगदी गप्प राहून पाण्याचा आवाज ऐक. ते पाणी कासारी नदीला मिळतं आणि कासारी पुढं पंचगंगेत येते. पुण्याला परत जाताना कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर थांबा. आजोबांना पायऱ्या उतरवल्या नाहीत, तर तू खाली जा आणि त्यांच्यासाठी ओंजळभर पाणी वर घेऊन ये.