फॅकल्टी एक्सचेंजचा, म्हणजे कॉलेजांनी एकमेकांत शिक्षकांची अदलाबदल करण्याचा, विद्यार्थ्यांना खरंच फायदा होतो का, की सगळं नॅकच्या मूल्यांकनासाठीच चालतं?

होतो. पण तुम्ही लिहिलंय तसं चालत असेल तर अजिबात नाही. एमओयूवर (दोन कॉलेजांमधल्या करारावर) सह्या, एक दिवसाचं गेस्ट लेक्चर, शाल-श्रीफळ, मागे बॅनर, जिओटॅगवाला फोटो नॅकच्या फाइलला, झालं एक्सचेंज! हे प्रकार माझ्या डोक्यात जातात म्हणून लिहायला बसलो.

मी कोकणात सीनियर कॉलेजला भूगोल शिकवतो. मागे लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजशी आमचं ठरलं, तिकडचे सर इकडे आणि मी तिकडे, आणि भाषण ठोकून परत यायचं नाही, टाइमटेबलमधले तास घ्यायचे. आमच्या तेव्हाच्या एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, ठाम विरोध. त्यांचं म्हणणं, भूजलाचा धडा दोन्हीकडे तोच, पुस्तकं तीच, मग माणूस बदलून काय होणार?

तर तिकडे शिकवताना मी बोलता बोलता म्हणालो की आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर लागतो. वर्ग हसायलाच लागला. ही पोरं सातशे-आठशे मिलिमीटरवाली, 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं लहानपणी बघितलेली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, मग तुमचं पाणी जातंय कुठं?"

सिलॅबस बाजूलाच राहिला. आमचा जांभा दगड पाणी पितो पण धरून ठेवत नाही, ते झऱ्यांतून उतारावर बाहेर पडतं, नद्या आखूड, समुद्र जवळ, हे सगळं फळ्यावर काढलं. मग पोरांनी त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, माझ्यापुढे मांडला, बांधाच्या अलीकडे बोअरला पाणी लागतं आणि पलीकडे नुसती धूळ का निघते, कोणाच्या बापाने किती बोअर मारल्या आणि किती कोरड्या गेल्या. बेसाल्टमधल्या भेगा आणि सांधे पुस्तकात एका ओळीत उरकलेत, तिथे त्यावर अख्खा तास गेला आणि बेल झाली तरी कोणी उठेना. इकडे त्यांच्या सरांनी आमच्या पोरांना सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नेऊन विहिरींची पाणीपातळी मोजायला लावली. आमच्या डिपार्टमेंटला हे कधी सुचलं नव्हतं, कारण आम्ही बहुतेक एकाच विद्यापीठाचे, त्यातले निम्मे एकाच पीएचडी गाईडचे, एकच नोट्स पिढ्यानपिढ्या. आयआयटीत आपलाच ताजा पीएचडी शक्यतो लगेच घ्यायचा नाही असा संकेत आहे तो उगाच नाही. आमच्याकडे उलट, आपला माणूस म्हणजे पहिली पसंती.

तेव्हा तुमच्या कॉलेजात विचारा, पाहुणे सर टाइमटेबलमधले तास घेणार का, इंटर्नल परीक्षेतला एखादा प्रश्न त्यांचा असणार का. उत्तर नाही आलं तर त्या दिवशी लायब्ररीत बसा. आणि कोणी 'सिलॅबस तोच आहे' म्हणालं तर त्यांना लातूरच्या पोराचा प्रश्न विचारून बघा, आमच्या एचओडींना मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारला होता, ते चहा प्यायला गेले.

हां, हे भूगोलापुरतं सांगतोय, गणितात काय होतं ते गणितवाल्यांना विचारा. आणि हे सगळं परमनंट लोकांनाच जमतं. आमच्याकडचे सीएचबीवाले तासावर पगार घेतात, ते दुसरीकडे गेले तर इकडचे तास बुडतात आणि ते पैसे कुठल्याच एमओयूत नसतात.