फोटो आधी उलटा करून बघ

चि. बाबूस आशीर्वाद.

जुन्या सिनेमांचे टॉकीजबाहेर लागायचे फोटो तू जमवतोस, त्यात 'हावडा ब्रिज'मधला मधुबालेचा फोटो घेऊ का, असं विचारलंस. विकणारा भाव सांगतोय तो मधुबालेचा, फोटोचा नाही. त्याच सिनेमातला के. एन. सिंग मिळतो का बघ. खलनायकाला गिऱ्हाईक कमी, आणि गुन्हेपटांचा खरा जीव त्याच्यातच, असं माझं मत.

पण काहीही घेण्याआधी फोटो उलटा कर. मागे वितरकाचा शिक्का, पेन्सिलीनं टाकलेला नंबर असं काही दिसतं का? आपल्या सीपी-बेरार सर्किटचे, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या सिनेमा-वाटपाच्या भागाचे, वितरक अमरावतीत बसत. तिथून फोटोसेट टॉकीजला जायचा, शोकेसमध्ये टाचण्यांनी लागायचा, खेळ उतरला की पुढच्या गावी. म्हणून कोपऱ्यांना भोकं. ती बुजवू नकोस. मला तर कोऱ्या करकरीत फोटोचाच आधी संशय येतो.

मग कागद. प्लास्टिकचा थर असलेला कृष्णधवल फोटोंचा कागद १९७० च्या दशकात रुळला. 'सीआयडी' १९५६ चा. त्याचा फोटो हाताला प्लास्टिकसारखा लागला तर तो नंतर छापलेला. त्याहून जुन्यासाठी कृषी केंद्रातला नोटा तपासायचा जांभळा दिवा माग. १९५० च्या सुमारापासून फोटोच्या कागदात शुभ्रता वाढवणारं रसायन घालू लागले, ते त्या दिव्याखाली निळसर उजळतं. 'किस्मत'चा (१९४३) फोटो असा उजळला, तर तो पहिल्या वेळचा नाही. लगेच नकली म्हणू नकोस, सिनेमा पुन्हा लागला तेव्हाचा असेल. भाव मात्र त्या मानानं दे. आणि उजळला नाही म्हणजे जुनाच, असंही नाही.

काळ्या भागावर तिरप्या उजेडात चंदेरी झाक दिसेल. ती फोटोतलीच चांदी, घासू नकोस. लॅमिनेशन तर मुळीच नको. टिनाखाली पेटी ठेवशील तर मे महिन्यात फोटो वाकतील; मधल्या खोलीत, भुईपासून वर ठेव, वाळवीचं बघ.

राहिलं कुठे शोधायचं ते. बंद पडलेल्या टॉकीजचे जुने ऑपरेटर गाठ. गेल्या गेल्या पैशाचं काढू नकोस, चहा घे, कोणता सिनेमा किती आठवडे चालला ते विचार. फोटो कुणाकडून, कोणत्या टॉकीजचा, ते वहीत लिहून ठेव. पोळा झाला की निघ. सोयाबीनची सोंगणी लागली की तुला कुठली सवड!