फॅक्ट्सची पुस्तकं मुलांसोबत वाचायला सुरुवात करताय? मग हे वाचा

अहो, पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचंच नाही. मुलाला उघडू दे कुठलंही पान, तिथून सुरू करा. मी सुरुवातीला अनुक्रमणिका धरून बसलो होतो, तिसऱ्या दिवशी पोरगी पळाली!

एका बैठकीत दोन-तीनच फॅक्ट्स, बास. पण त्यात रमा. म्हणजे बघा, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत मणके फक्त 7, आपल्याइतकेच. हे नुसतं वाचून पुढे नका जाऊ, मुलाला स्वतःच्या मानेवरून मागे बोट फिरवायला सांगा, खाली एक टोचणारं हाड लागतं ना, तो बहुतेकदा सातवा, आणि जिराफाचा एकेक मणका जवळपास पट्टीएवढा लांब, मग पट्टी आणून मानेशी धरणं वगैरे धमाल होते.

सगळ्यांच्या हमखास चुका:
- नंतर परीक्षा घेणं. "सांग, ऑक्टोपसला हृदयं किती?" (3 असतात, पण विचारू नका हो.)
- स्वतः कंटाळून वाचणं. तुम्हालाच "आयला, खरंच?" वाटलं पाहिजे, पोरांना नाटक लगेच कळतं.
- उत्तर येत नसलं की थाप मारणं. "माहीत नाही, शोधूया" म्हणा.

जाडजूड एनसायक्लोपीडिया आत्ताच घेऊ नका, मोठ्या फोटोंचं एक पातळ पुस्तक पुरे. तेच पान वीस वेळा वाचायला लावतील, वाचा.