अव्वल टेनिसपटू वर्षाला किती कमावतो, याचा अंदाज कसा बांधायचा?

चार ग्रँड स्लॅमच्या बक्षिसांची बेरीज केली की खेळाडूची कमाई कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. मी पेशाने सीए आणि सवयीने टेनिसवेडा, त्यामुळे हा हिशेब रिकाम्या वेळात बऱ्याचदा मांडून पाहतो.

इटलीच्या यानिक सिनरचं २०२४ हे वर्ष घेऊ. एटीपीच्या (पुरुष टेनिसपटूंच्या व्यावसायिक संघटनेच्या) नोंदीत त्याची त्या वर्षीची बक्षिसं साधारण १.७ कोटी डॉलरची आहेत. हा आकडा कोणालाही बघता येतो आणि त्यावर वाद नसतो. पण तो सगळी कापाकापी व्हायच्या आधीचा आहे, आणि शिवाय अपुराही आहे. त्या सप्टेंबरमध्ये सिनर यूएस ओपन जिंकला. सात सामने, तेही पाच सेटपर्यंत लांबू शकणारे, आणि बक्षीस ३६ लाख डॉलर. पुढच्याच महिन्यात रियाधला ‘सिक्स किंग्ज स्लॅम’ नावाची प्रदर्शनी स्पर्धा झाली. तिथे मेदवेदेव, जोकोविच आणि अल्काराझ यांना हरवून तो जिंकला. तीन सामने, आणि बातम्यांनुसार ६० लाख डॉलर! रँकिंगचा एक गुणही नाही. ही रक्कम एटीपीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही, कारण ती एटीपीची स्पर्धाच नव्हती.

तसेच हजेरीचे पैसे. ग्रँड स्लॅम आणि त्यांच्या खालोखालच्या मास्टर्स १००० स्पर्धांत ते देत नाहीत, पण त्याहून छोट्या, एटीपी २५० आणि ५०० दर्जाच्या स्पर्धांना मोठं नाव नुसतं यावं म्हणून पैसे मोजायला परवानगी आहे. मोठा खेळाडू अधूनमधून एखाद्या छोट्या स्पर्धेत का उतरतो, असा प्रश्न पडला तर बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. हे आकडे सहसा जाहीर होत नाहीत.

आता जाहिराती. इथे फेडररएवढं बोलकं उदाहरण नाही. २०२० मध्ये फोर्ब्सने त्याला जगातला सर्वाधिक कमावणारा खेळाडू ठरवलं. अंदाज १०.६३ कोटी डॉलर, आणि त्यात कोर्टवरची कमाई फक्त ६३ लाख! उरलेले दहा कोटी कपडे, घड्याळं, रॅकेट, बँका वगैरेंचे. २०१८ मध्ये नायकी सोडून त्याने युनिक्लो या कपड्यांच्या कंपनीशी केलेला करार दहा वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा असल्याचं छापून आलं होतं. म्हणजे २०२२ मध्ये निवृत्त झाल्यावरही मीटर चालूच. अर्थात फोर्ब्सचा आकडाही अंदाजच असतो. कराराची प्रत काही कोणी चव्हाट्यावर मांडत नाही.

मग वजाबाकी. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण ३० टक्के कर जागेवरच कापतात, आपल्या टीडीएससारखा. ब्रिटनची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे खेळायला आलात की तुमच्या जगभरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला काही हिस्साही ते करासाठी धरतात. अमेरिकेचा टेनिसपटू आगासी याविरुद्ध भांडला, पण २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, हरला. नदालने तर २०१२ मध्ये लंडनमधली क्वीन्सची स्पर्धा सोडून जर्मनीत हालेला खेळायचं ठरवलं आणि कारण म्हणून या कराचंच नाव घेतलं. सिनर मोनॅकोत राहतो आणि जोकोविचही अनेक वर्षं तिथे राहिला, ते नुसत्या समुद्रासाठी नव्हे; तिथे रहिवाशांना प्राप्तिकर नाही. याशिवाय कोच (त्याला पगारावर बक्षिसातला टक्काही लागतो), फिजिओ, ट्रेनर, आणि या सगळ्यांची तिकिटं-हॉटेलं खेळाडूच्याच खिशातून. क्रिकेटसारखं इथे कोणतंही बोर्ड खर्च उचलत नाही.

तेव्हा माझा ठोकताळा असा: खेळाडू पहिल्या पाचातला आणि चेहरा ओळखीचा असेल, तर बक्षिसाच्या रकमेएवढे किंवा त्याहून जास्त पैसे बाहेरून येतात असं धरा, आणि कर-खर्चापोटी ढोबळमानाने निम्मे वजा करा. क्रमवारीत जसजसे खाली जाल तसतशा जाहिराती आटतात, खर्च मात्र तेवढाच राहतो. दुहेरीवाल्यांना तर हा हिशेब लावूच नका. रोहन बोपण्णा आणि त्याचा जोडीदार एब्डन २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले तेव्हा दोघांत मिळून ७.३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. एकेरीत सिनरला एकट्याला ३१.५ लाख.

खालच्या टोकाला आपला सुमित नागल. २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं की बँकेत ९०० युरो उरलेत, आणि एकच कोच सोबत घेऊन, फिजिओशिवाय, वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये येतो. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बुबलिकला हरवून तो दुसऱ्या फेरीत गेला, तेव्हा त्या एका स्पर्धेचे १.८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे जवळपास त्याच्या वर्षभराच्या खर्चाएवढे रुपये त्याच्या नावे जमा झाले, करकपातीआधी. एटीपीने २०२४ मध्ये १७६ ते २५० क्रमांकांच्या खेळाडूंना वर्षाला किमान ७५ हजार डॉलरच्या कमाईची हमी दिली होती. त्या वर्षीच्या दराने ते साधारण ६२ लाख रुपये होतात. नागलच्या खर्चाशी लावून बघा, तरीही तोटाच निघतो.