वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी बंक बेड घ्यावा का?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलांची खोली १० बाय १० फुटांची आहे, स्लॅब १० फुटांवर. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. जागा वाचेल म्हणून दुमजली पलंग करायचं मनात आहे. सासूबाईंना भीती वाटते की मुलं वरून पडतील. काय करावं?

उत्तर : सासूबाईंची भीती रास्त आहे, पण पडण्याच्या आधी आणखी एक गोष्ट बघा. खोलीत उभं राहून वर नजर टाका आणि पंखा कुठे आहे ते पाहा.

१० बाय १०च्या खोलीत पंख्याचा हूक बहुधा मधोमध असतो, म्हणजे कुठल्याही भिंतीपासून ६० इंचांवर. ३६ इंच रुंदीच्या गादीचा बंक बेड चौकटीसह ३९ इंचांचा होतो. म्हणजे बेडची बाहेरची कड हुकापासून २१ इंचांवर येते. घरचा नेहमीचा पंखा ४८ इंची असतो, त्याचं पातं मध्यापासून २४ इंच पोचतं. थोडक्यात, पातं बेडच्या कडेच्या ३ इंच आत फिरणार. बेड कोपऱ्यात सरकवूनही सुटका नाही, कारण साडेसहा फुटी लांबी खोलीच्या मध्यरेषेच्या पुढे जातेच.

आता उंची बघू. खालची गादी जमिनीपासून १६ इंच, खाली बसायला ३६ इंच मोकळे, वरची चौकट आणि प्लाय मिळून ४ इंच, वरची गादी ५ इंच. वरच्या गादीचा पृष्ठभाग आला ६१ इंचांवर. दांडीसकट पंख्याची पाती साधारण १०५ इंचांवर असतात. मधे उरले ४४ इंच. ८ वर्षांची मुलगी अंदाजे ४८ ते ५० इंच उंच असते, तेव्हा वर उभी राहिली की डोकंच पात्यांच्या रेषेत येतं. बसल्या बसल्या फ्रॉक काढायला हात वर केला तरी अंतर जेमतेम अर्धा फूट राहतं. चादर झटकताना काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून तुमच्या खोलीपुरता आमचा सल्ला स्पष्ट आहे : छताचा पंखा तिथून उतरवणार असाल तरच बंक बेड करा. त्याऐवजी जाळीचे १६ इंची भिंतीवरचे पंखे लावा. एक समोरच्या भिंतीवर सुमारे ७ फुटांवर, वरच्या बर्थकडे थोडा झुकवून, आणि दुसरा खालच्या बर्थसाठी कमी उंचीवर. वायर आणि स्विच वरच्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात नको. ‘मुलांना उभं राहू नका म्हणून बजावू’ हा उपाय धरू नका. झोपेतून दचकून उठलेल्या मुलाला ते आठवत नाही.

वयाचं म्हणाल तर ६ वर्षांच्या आतल्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवायचं नाही, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. त्याला कारण आहे. लहान मुलाचा तोल कच्चा असतो, आणि शरीर ज्या फटीतून निसटतं त्यात डोकं अडकतं. त्यामुळे वर मुलगी, खाली मुलगा. ६ हा फक्त उंबरठा समजा. सहावा वाढदिवस झाला म्हणून मुलगा तयार होत नाही. दिव्याशिवाय, झोपेच्या तंद्रीत, तोंड शिडीकडे करून उतरता येतं का ते आठवडाभर बघा. बाहेर तोंड करून उतरणारं मूल अजून तयार नाही.

कठडा चारी बाजूंनी हवा, भिंतीच्या बाजूलाही. भिंत आहे मग कशाला, असं सगळे म्हणतात. पण खाली स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) असल्यामुळे बेड भिंतीला पूर्ण टेकत नाही, गादी सरकते, आणि त्या फटीत मूल पायाकडून घसरतं. कठडा गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच उंच हवा, आमच्या मते ८ इंच ठेवा. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. फॅब्रिकेटर प्लायपासून १० इंचांचा कठडा करतो, आणि घरात वर ६ इंची गादी येते. उरतात ४ इंच.

कापसाची गादी वापरत असाल तर हा हिशेब दरवर्षी बदलतो. नुकतीच पिंजून भरलेली गादी फुगून ५-६ इंचांची होते, वर्षभरात ३ इंचांवर बसते. कठडा नेहमी फुगलेल्या गादीवरून मोजा. शिवाय ही गादी जड असते, उन्हात घालायला दर वेळी ५ फुटांवरून उतरवायची आणि परत चढवायची हे काम तुम्हालाच करायचं आहे. वरच्या बर्थला ४ इंची फोम किंवा काथ्याची गादी सोयीची. खाली कापसाची चालेल.

कठड्याच्या पट्ट्यांमधलं आणि कठडा व प्लायमधलं अंतर साडेतीन इंचांपेक्षा कमी पाहिजे. अडीच ते तीन ठेवा म्हणजे शंका नको. शिडीसाठीची मोकळी जागा १२ ते १५ इंच पुरे.

प्रश्न : अक्कलकोट रोडला ओळखीचे फॅब्रिकेटर आहेत. ते म्हणतात, लोखंडी बंक बेड करून देतो, १ इंची पाइप बास. कोणता पाइप, किती गेज सांगायचं? मुलं वर धुडगूस घालतात.

उत्तर : १ इंची पाइपचे खांब नकोत. ते वजनाने लगेच मोडणार नाहीत, पण बेड हलत राहील, आणि हलणाऱ्या बेडचे सांधे सैल होत जातात. खांबांना ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा, सांगा. लांबीच्या बाजूंना ५० बाय २५चा पाइप, ५०ची बाजू उभी धरून. आडव्या पट्ट्यांना १ इंची चालतो. ७८ इंच लांबीत ७ पट्ट्या टाकल्या की मधलं अंतर पावणेदहा इंच येतं, वर १२ मिलिमीटर प्लाय पुरतो. तीनच पट्ट्या टाकून जाड प्लाय घालणारे कारागीर असतात. तो प्लाय वर्षभरात मधे खचतो.

बेड सगळा वेल्डिंग करून एकसंध करू नका, तो खोलीच्या दारातून आत जाणार नाही. डोक्याची आणि पायाची चौकट वेल्ड केलेली, आणि लांबीचे पाइप बोल्टने जोडलेले, अशी रचना हवी. प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट. एकाच बोल्टवर पाइप त्याच्याभोवती फिरतो आणि बेड तिरपा होतो.

आता एक बारीक गोष्ट, जी कारागिराला आवर्जून सांगावी लागते. पोकळ पाइपमधून बोल्ट आरपार घालून नट आवळला की पाइपच्या भिंती आत दबतात. त्या दिवशी घट्ट वाटतं, महिन्यात ढिलं होतं, मग कोणीतरी पुन्हा आवळतो, पाइप आणखी दबतो. यावर उपाय म्हणजे बोल्टच्या भोकात पाइपच्या रुंदीइतकी लहान नळी घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करायची. मग बोल्ट नळीवर आवळला जातो, पाइपवर नाही. बोल्ट १० मिलिमीटरचे, नट नायलॉकचे घ्या. नायलॉक नटात आत नायलॉनचं कडं असतं, कंपनांनी तो सहज सुटत नाही. एकदा काढलेला नायलॉक नट परत वापरू नका.

बेड भिंतीला दोन ठिकाणी क्लिपने बांधा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत १० मिलिमीटरचा अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) धरतो. नव्या इमारतींत हलक्या राखाडी सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत हा फास्टनर गरागरा फिरतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग मागा. प्लास्टरची जाडी धरू नका, पकड आतल्या भिंतीत हवी.

शिडीच्या पायऱ्या चपट्या, निदान ३ इंच रुंद. गोल पाइपची पायरी अनवाणी तळव्याला रुतते, मग मुलं शिडी सोडून कठड्यावरूनच उतरतात. दोन पायऱ्यांत १० इंच अंतर, शिडी किंचित तिरपी आणि बोल्टने पक्की बसवलेली. हुकावर अडकवलेली शिडी खेळताना सटकते.

पाइपची तोंडं टोप्यांनी बंद करून घ्या. वेल्डिंग घासून गंजरोधक रेड ऑक्साइड आणि वर रंग, किंवा जमलं तर पावडर कोटिंग. उघड्या पाइपात आणि सांध्याच्या फटीत ढेकूण बसले तर बंक बेडमधून ते काढणं फार जिकिरीचं असतं.

घरी बसवल्यावर मोठ्या माणसाने वर चढून, बसून, दोन्ही बाजूंना जोर लावून बघावा. १५ दिवसांनी सगळे बोल्ट आवळा, नंतर दर तीन महिन्यांनी. धुडगुसाचं म्हणाल तर वर एका वेळी एकच मूल, हा नियम पहिल्या दिवसापासून. वरच्या पट्टीला साडीची झोळी, ओढणी, उडी मारायची दोरी काही बांधायचं नाही. त्यात गळा अडकतो.

प्रश्न : आमचं विडी घरकुल वसाहतीत पत्र्याचं घर आहे. एकच खोली, तीन मुलं. दुमजली पलंग केला तर दोघांची सोय होईल ना?

उत्तर : जागेची होईल, झोपेची होणार नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्रा दिवसभर तापतो आणि त्याची धग अंधार पडल्यावरही खाली येत राहते. वरच्या बर्थवरचं मूल पत्र्याच्या जवळ असतं. छताचा पंखा लावलेला असेल तर तो वारा खाली ढकलतो, पात्यांच्या पातळीला तो लागत नाही. कूलरचा गारवाही खालीच राहतो. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या घरांनाही हेच लागू.

त्यापेक्षा खालून ओढून काढायचा पलंग करा. १५-१६ इंच उंचीचा पलंग आणि त्याच्या पोटात चाकांवरची दुसरी बैठक, ३-४ इंची गादीसह. रात्री ओढली की दोघांची सोय, सकाळी आत. पुढे ३६ इंच मोकळी जमीन लागते, तेवढी मोजून घ्या. चाकं चार नको, सहा घ्या. मधे आधार नसला की लांबीची पट्टी वाकते आणि बैठक अडकायला लागते. तिसऱ्यासाठी जमिनीवर गादी आणि सोलापुरी चादर आहेच.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, ५ फूट ३ इंच. वर बेड, खाली टेबल असा लॉफ्ट बेड मागतोय. स्लॅब साडेनऊ फुटांवर. दहावी-बारावीपर्यंत चालेल?

उत्तर : तुमच्या उंचीच्या स्लॅबखाली नाही, असं आमचं मत आहे.

या वयात मुलगा झपाट्याने वाढतो. ऐन भरात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे ३-४ इंच. म्हणून बेड आजच्या उंचीचा करायचा नाही. तो ५ फूट ८ इंच होईल असं धरा. गादी ७८ इंच लांब. त्याची बसल्या जागी उंची साधारण ३५ इंच होईल. त्याला खाली उभं राहता येण्यासाठी बेडखाली ७२ इंच मोकळे हवेत. ७२ इंच, त्यावर चौकट ४, गादी ४, म्हणजे ८०. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. वर ३४ इंच उरले, आणि त्याला बसायला ३५ लागतात.

मग काही जण खालची जागा ६० इंच करतात. बसून अभ्यास होतो, पण उठताना फसगत होते. टेबल २४ इंच खोल, त्यापुढे खुर्ची. उठून उभं राहताना डोकं भिंतीपासून सुमारे ३६ इंचांवर असतं, आणि बेडची पुढची लोखंडी कड नेमकी तिथेच. रोज कपाळावर टेंगूळ. स्लॅब १० फुटांचा असता तर ७२ इंच मोकळी जागा ठेवूनही वर ४० इंच उरले असते, आणि आम्ही हो म्हटलं असतं. पंख्याचा हिशेब मात्र तिथेही सुटत नाही.

तुम्ही ड्रॉवरचा साधा सिंगल पलंग आणि भिंतीला लावलेलं ४ फुटी टेबल करा. बारावीला रात्री उशिरापर्यंत वाचून डुलक्या घेत शिडी चढण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, अजून कधीकधी रात्री अंथरूण ओलं होतं. धाकट्या भावासमोर कमीपणा नको म्हणून ती वर झोपायचा हट्ट धरते.

उत्तर : सध्या खालीच. रात्री घाईने शिडी उतरणं आणि वरची गादी धुऊन वाळवणं, दोन्ही अवघड. झोपेत चालणारी, फिट येणारी मुलं, किंवा ताप-उलट्या चालू असलेलं मूल, यांनाही वर झोपवू नका. धाकटा ६ वर्षांचा नसेल तर त्यालाही वर पाठवू नका. वरचा बर्थ काही महिने रिकामा राहू द्या, म्हणजे कोणाला कमीपणा नाही. तिच्या गादीवर जलरोधक कव्हर घाला आणि डॉक्टरांना एकदा दाखवा. यावर उपचार आहेत.

प्रश्न : नात्यात एक वापरलेला लाकडी बंक बेड फुकट मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : खोलण्याआधी जागेवरच तपासा. खांबाला धरून लांबीच्या दिशेने हलवा. करकर आवाज येऊन वरची बाजू इंचभर हलली तर सांधे गेलेत. बेड पार्टिकल बोर्डाचा असेल आणि स्क्रूच्या भोकांतून भुसा पडत असेल तर घेऊ नका, त्यात स्क्रू परत धरत नाही. सागवान किंवा चांगल्या प्लायचा असेल तर सांधे नव्या बोल्टने बांधून घेता येतात. जुन्या बेडला भिंतीच्या बाजूचा कठडा बहुतेक नसतोच, तो सुताराकडून बसवून घ्या. आणि आणण्याआधी सगळे तुकडे दिवसभर कडक उन्हात ठेवून सांध्यांच्या फटी टॉर्च लावून बघा, काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत.